वाढत्या अंगाच्या कुंड्या

धाकटीच्या गॅलरीत निवडुंग मेला आणि माहेरी तिची उरलीसुरली अब्रू गेली. निवडुंगाला कोणी पाणी विचारत नाही की सावली विचारत नाही, तरी तो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. तोसुद्धा तिच्याकडे महिनाभरात मान टाकून मोकळा झाला. त्याआधी मनीप्लांट गेला होता आणि त्याच्याही आधी कोरफड. वहिनी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या वन्संना फुलं द्यायची तर कागदाची द्या हो, तेवढीच त्यांच्याकडं टिकतात."

तशी धाकटी हाताची कुशल. पंचेचाळिशी ओलांडली, चष्मा लागला, तरी माहेरी ती अजून धाकटीच होती; पण बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं स्वतःचं दुकान होतं आणि तीन शाळांचे गणवेश तिच्या मशीनखालून जात. कापडाला कात्री लावताना तिचा हात कधी अडखळला नाही. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं निम्मं माप तिच्या मनात होऊन जाई. फक्त झाडांशी तिचं जमत नव्हतं, आणि त्यावाचून आजवर तिचं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते दादाची बदली झाली तेव्हा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आई त्याच्याकडे राहायची. घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. मागच्या दारी चार पावलांची मातीची जागा, आणि त्या जागेत आईनं काय काय उभं केलं होतं ते बघायला गल्लीतली माणसं कुंपणावरून माना लांब करत. आता चार महिन्यांत ते घर सोडायचं होतं. दादाला नव्या शहरात मिळालेली जागा अकराव्या मजल्यावर. तिला गॅलरी नाही, आणि खिडक्याही अर्ध्याच उघडणाऱ्या. "मी त्या डब्यात येणार नाही," असं आईनं सांगून टाकलं आणि कोणाला न विचारता ती शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात जाऊन चौकशी करून आली. तिथे मोठी बाग होती, आणि माळ्याचे गुडघे गेले होते.

हे धाकटीच्या कानावर आलं. दुकान तसंच अर्ध्यावर टाकून ती माहेरी गेली.

"आई, तू माझ्याकडं यायचं. बाकी मी काही ऐकणार नाही."

"तुझ्याकडं येऊन मी काय करू?" आई वाफ्यातलं गवत उपटत होती, ती वरही बघेना. "तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडणार. मी भिंतीवरच्या घड्याळाशी गप्पा मारू?"

"आराम कर ना. जन्मभर राबलीस."

"आराम मेल्यावर करायचाच आहे. आणि तुझी गॅलरी बघितली आहे मी. जिथं निवडुंगानं जीव दिला, तिथं माझा काय निभाव लागणार?"

स्वयंपाकघरातून वहिनी फिसकन हसली. धाकटीला रागही आला आणि रडूही आलं, पण तिनं दोन्ही गिळलं. "आणि झाडं जगवून दाखवली तर?"

आईनं तेव्हा कुठे मान वर केली. लेकीकडे जरा वेळ नीट बघितलं. "दाखव की. तीन झाडं. घर सोडायच्या आदल्या रविवारी मी येऊन बघीन. नुसती हिरवी नकोत, वाढलेली हवीत. तीन असली तर येते तुझ्याकडं. नसली तर आश्रमात जाते, आणि तू तोंड वाकडं करायचं नाहीस."

"ठरलं," धाकटी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला निवडुंग आठवला.

तिला आई हवी होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आई म्हणजे सुट्टीच्या दिवशी दोन तास जाऊन भेटायचं माणूस झालं होतं. रात्री दुकान बंद करून आल्यावर कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि चहा ठेवायचा, ह्याचा तिला कंटाळा आला होता. आतून दार उघडणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आईच. ह्यासाठी तिला झाडं वाढवायची होती. तिला कोणी सांगितलं असतं की त्यासाठी विमान चालवायला शिक, तर तीही चौकशी तिनं केली असती.

पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन ती नर्सरीत गेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. निम्म्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. फक्त त्याच्या स्वतःच्या इमारतीतली तेवढी कायम बंद, कारण तिचं कंत्राट दुसऱ्याकडे होतं आणि हा पाना घेऊन पुढे झाला की ते लोक नियमावर बोट ठेवत. हा विषय निघाला की तो जेवणावरून उठायचा, म्हणून आपणही फार काढायला नको.

नर्सरीवाली बोलकी होती. एका झाडाचं नाव विचारावं तर त्याच्या सासरमाहेरची माहिती द्यायची. तिच्याकडून धाकटीनं पाच रोपं निवडली: टोमॅटो, मिरची, पुदिना, लाल फुलांचं जिरेनियम आणि गुलाबाचं एक कलम. तीन जगवायची तर पाच घ्यावीत, एवढा हिशेबीपणा तिच्यात होता. रोपं चहाच्या पेल्याएवढ्या काळ्या पिशव्यांमध्ये होती. तजेलदार, टवटवीत, अंग धरलेली.

"कुंड्या कशातल्या दाखवू ताई? मातीच्या, प्लास्टिकच्या? मातीची कुंडी श्वास घेते बघा, पण वजनाला—"

"मातीच्या. मोठ्या दाखवा."

धाकटीच्या धंद्याचा एक नियम होता आणि त्या नियमावर तिचं दुकान उभं होतं. मूल वाढत्या अंगाचं असतं. आईबाप दर वर्षी नवा गणवेश शिवत नाहीत, म्हणून बाही चार बोटं लांब, शिवणीत जादा कापड भरपूर, खालची दुमड रुंद. पहिल्या वर्षी पोर त्यात बुडतं, दुसऱ्या वर्षी बरोबर बसतं आणि तिसऱ्या वर्षी आईबाप दुवा देतात. तेच तिनं इथे लावलं. मागच्या ओळीतल्या, कपडे भिजवायच्या टबाएवढ्या कुंड्यांकडे तिनं बोट केलं. "त्या. पाच."

"ह्या एवढ्याशा रोपाला?" नवरा म्हणाला.

"आज एवढंसं आहे. उद्या वाढेल. मग काय दर महिन्याला कुंडी बदलायची?"

नर्सरीवालीनं तोंड उघडलं होतं. पण धाकटीनं पर्समधून टेप काढून कुंडीचा घेर मोजायला सुरुवात केली, तेव्हा तिनं ते मुकाट्यानं मिटलं. तिच्या आयुष्यात अशा वेळा फार आल्या नसाव्यात.

लिफ्ट अर्थातच बंद होती. पाच कुंड्या आणि मातीची पोती चार मजले चढवताना नवऱ्याच्या नाकी नऊ आले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर दारात उभे राहून म्हणाले, "वर पोहण्याचा तलाव करताय का?" तिसऱ्या मजल्यावर नवरा कुंडीवरच बसला आणि म्हणाला, "तुझी आई वजनाला हलकी आहे, तिलाच उचलून आणली असती." पण आणल्या बिचाऱ्यानं सगळ्या.

धाकटीनं रोपं लावली. त्या अफाट कुंड्यांमध्ये ती अशी दिसत होती, जशी बापाची पँट घालून उभी राहिलेली पोरं. असलं दृश्य ती दर वर्षी शाळा सुरू होताना बघायची, त्यामुळे तिला ते फारच आवडलं. तिनं तांब्यावर तांब्या पाणी घातलं. मोठी कुंडी, तिला पाणीही मोठंच लागणार.

दहा-बारा दिवस बरे गेले. मग जिरेनियमची खालची पानं पिवळी पडली. धाकटीला वाटलं, तहान लागली. तिनं आणखी पाणी घातलं. मग मिरचीनं पानं मिटली. सर वर येऊन बघून गेले आणि ऊन जास्त होतंय म्हणाले. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण ऊन कमी होतंय म्हणाली. एकानं अंड्याची टरफलं घालायला सांगितली, दुसऱ्यानं झाडांशी प्रेमानं बोलायला सांगितलं. धाकटीनं सगळं केलं. सकाळी दुकानाला जाताना ती मिरचीला म्हणायची, "बाई गं, काय हवंय ते तोंडानं सांग." मिरची काही बोलली नाही. एका सकाळी ती बुडापासून काळी पडून आडवी झाली, आणि तिच्या मागोमाग जिरेनियमही गेलं.

उरली तीन. म्हणजे बरोबर तेवढीच, एकाचीही सूट नाही. आणि तीही काही ठणठणीत नव्हती. टोमॅटो पिवळा, गुलाबाच्या काडीवर दोनच पानं. पुदिना म्हणजे कुठेही माजणारं झाड, तोसुद्धा जागच्या जागी खुंटलेला.

त्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, रागवू नका हं. पण ह्यांनी आश्रमात आईंचं नाव घालून ठेवलंय. खोली मिळेनाशी व्हायला नको ना. लागली नाही तर काढून टाकता येतं." मग जरा थांबून, "झाडं कशी आहेत?"

"मजेत आहेत," धाकटी म्हणाली. फोन ठेवून ती गॅलरीच्या दारात जमिनीवरच बसली आणि पोटभर रडली.

नवऱ्याला बायकोचं रडणं बघवायचं नाही. तो म्हणाला, "हे बघ, एवढं काय त्यात? त्या रविवारच्या आदल्या दिवशी नर्सरीतून तीन चांगली फोफावलेली झाडं उचलून आणू. कोणाला कळणार आहे?"

खोटं कशाला बोला, धाकटीच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. तिनं नाक पुसलं. "आईला कळेल. आणि तिला कळलं नाही तरी काय? ती येणार, मग महिन्याभरात ती झाडं मरणार, आणि ती माझ्या घरात बसून ते बघणार. असं नाही आणायचं तिला." नवऱ्यानं स्वतः उठून चहा केला.

शाळा सुरू झाल्या. दुकानात बदल करून घ्यायला येणाऱ्यांची रांग लागली. कोणाचं बटण, कोणाची चेन. त्या गर्दीत एक बाई पहिलीतल्या मुलीला हाताला धरून आली. मुलीच्या अंगात धाकटीनंच शिवलेला शर्ट होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"ताई, ही बाही आखूड करून द्या. रोज शाळेतून ओली होऊन येते. हिला सर्दी झाली."

"अहो, वाढत्या अंगाची आहे. दुमडून घाला की." हे वाक्य धाकटी झोपेतही म्हणू शकली असती.

"दुमड सुटते," मुलगीच म्हणाली. ती नाक ओढत होती, पण बोलायला खमकी होती. "हात धुताना ती पाण्यात जाते. मग इथपर्यंत वाळते," तिनं मनगट दाखवलं, "कारण इथपर्यंत माझा हात आहे. पुढं माझा हातच नाही, तर तेवढी बाही ओलीच राहते. दिवसभर. गार लागतं."

धाकटीनं तिचा हात हातात घेतला. मनगटापर्यंतचं कापड कोरडं आणि उबदार होतं. त्याच्या पुढचं लोंबतं टोक थंडगार, ओलं, आणि त्याला कुबट वास येत होता. ती ते टोक चिमटीत धरून तशीच बसली. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ताई, काय झालं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "तुझं बरोबर आहे गं बाई. माझं चुकलं." तिनं बाही तिथल्या तिथे आखूड करून दिली. मग रांगेला उद्या यायला सांगितलं आणि भर हंगामात, भर दुपारी शटर खाली ओढलं. गल्लीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

घरी येऊन तिनं सरळ मेलेल्या मिरचीची कुंडी गॅलरीत आडवी केली. वरची माती कोरडी होती. आतून मात्र काळा, गार चिखल निघाला, आणि त्याला तोच कुबट वास, त्याहून दसपट. मिरचीची मुळं चहाच्या पेल्याएवढ्या जागेतच होती. त्यापुढे एक केसभरही गेली नव्हती. मुळं जिथवर पोचतात तिथलं पाणी ती पितात. ह्या टबात मुळंच नाहीत, तर पाणी पिणार कोण? ती रोज वरून तांब्या ओतत होती आणि रोप बिचारं ओल्या बाहीत कुडकुडत होतं.

पुढच्या तासाभरात ती पुन्हा नर्सरीत होती.

"कुंड्या दाखवा. लहान."

"मी तेव्हाच सांगणार होते ताई," नर्सरीवाली म्हणाली, "पण तुम्ही टेप काढलीत. म्हटलं, ह्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल."

"मला काही कळत नव्हतं. आता पण टेप काढणार आहे, तरी तुम्ही बोलत राहा."

मग मात्र दोघींनी मिळून कुंड्या निवडल्या, आणि त्या निवडण्याला काय रंग चढला म्हणता! धाकटी प्रत्येक कुंडी हातात घेऊन उलटी करायची, बुडाला भोक आहे का बघायची, टिचकी मारून आवाज ऐकायची. मुळांनी धरलेल्या मातीच्या पिंडाभोवती दोन बोटं जागा, बस्स. पुदिना आडवा पसरतो, तर त्याला उथळ आणि रुंद. गुलाब खाली जातो, तर त्याला अरुंद आणि खोल. टोमॅटोला आज लहान, पण तो भराभर वाढणार, तर त्याची पुढची आणि त्याच्याही पुढची कुंडी आत्ताच ठरवून ठेवली. अंगाबरोबर माप वाढवायचं. आधी बसतं ते घालायचं, मग उसवून सोडायचं. इतकी वर्षं मोठं शिवून ठेवायची सवय लागली होती, ती त्या एका दुपारी सुटली. नर्सरीवालीनं मातीत जाड वाळू आणि शेणखत मिसळून दिलं आणि आणखीही पुष्कळ सांगितलं, आणि ते धाकटीनं सगळं ऐकून घेतलं.

घरी कठीण काम होतं. तिन्ही रोपं उपसली तेव्हा त्यांची मुळं निम्मी काळी पडून लिबलिबीत झालेली होती. ती ठेवून चालणार नव्हती. धाकटीनं दुकानातून आणलेली मोठी कात्री काढली. ह्या कात्रीनं कापडाशिवाय कधी काही कापलं गेलं नव्हतं. नवऱ्यानं एकदा ती घेऊन दुधाची पिशवी कापली होती, तेव्हा तीन दिवस घरात अबोला होता. त्याच कात्रीनं तिनं काळी मुळं पांढऱ्यापर्यंत छाटली. गुलाबाची तर इतकी थोडी उरली की चिमटीत मावली. पण कापड चुकलं की चुकलेला भाग काढावाच लागतो; तिथे दयामाया करून चालत नाही.

तिन्ही रोपं मापाच्या कुंड्यांमध्ये बसली. ती कठड्याच्या आडोशाला सावलीत ठेवली, आणि पाणी घालण्याआधी बोट आत खुपसून बघायचं, असं स्वतःला बजावलं. रिकाम्या झालेल्या टबांचं काय करायचं, हा प्रश्न नवऱ्यानं सोडवला. त्यानं ते उलटे घातले आणि त्यांवर लहान कुंड्या चढवल्या, म्हणजे कठड्यावरून येणारं सकाळचं ऊन नेमकं पानांवर पडेल. "चार मजले चढवल्यात मी," तो म्हणाला, "वाया जाऊ देतो काय!"

आठ दिवस काहीच झालं नाही. धाकटी जीव मुठीत धरून रोज बघायची. मग एका सकाळी पुदिन्याच्या कडेनं मातीतून हिरवं टोक वर आलेलं दिसलं, दुसऱ्या दिवशी चार टोकं, आणि त्यानंतर पुदिन्यानं मागे वळून बघितलं नाही. टोमॅटोनं कात टाकली. त्याला दुसरी कुंडी लागली, मग तिसरी, आणि दर खेपेला धाकटी त्याला बाहेर काढून मुळं बघायची, टेप लावायची आणि शेजारणीला हाक मारून दाखवायची. गुलाबानं सगळ्यांत जास्त छळलं. त्याची काडी महिनाभर तशीच, ना मेली ना जगली. धाकटीनं आशा सोडली असती, पण तिला तीन हवी होती. शेवटी त्या काडीच्या कुशीतून लालसर पालवी फुटली. तिनं नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो चष्मा न लावताच "वा, वा" म्हणाला आणि पुन्हा झोपला.

तो रविवार आला. आई, दादा आणि वहिनी खाली रिक्षातून उतरले. लिफ्ट चालू होती. ती कशी चालू झाली, हे कोणी विचारू नये. नवऱ्याच्या हाताला सकाळपासून वंगणाचा वास येत होता आणि तो शीळ घालत होता.

आई घरात आली, पाणीसुद्धा न पिता गॅलरीत गेली. सगळे दारात दाटीवाटीनं उभे राहिले. कठड्याजवळ टोमॅटो माणसाच्या छातीएवढा उभा होता, त्याला हिरव्या-लाल फळांचे घोस. पुदिना कुंडीच्या चारी कडांवरून खाली सांडत होता. त्याचीच काढलेली आणखी दोन बाळं शेजारी होती. गुलाबावर एक कळी उमललेली आणि दोन उमलायच्या बेतात. वहिनीच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

आई खाली वाकली. तिनं पानं उलटी करून बघितली. मातीत बोट खुपसलं. फळ तळहातावर घेऊन जोखलं. मग लेकीकडे वळली.

"ही विकत आणलीस."

नवऱ्याला ठसका लागला. दादा जमिनीकडे बघायला लागला. ह्या क्षणाला दुसरी कोणी असती तर गयावया करत बसली असती. धाकटीनं गुलाबाची कुंडी उचलली, खोड दोन बोटांच्या मध्ये धरलं, कुंडी उलटी करून काठावर हलकेच आपटली आणि अख्खा पिंड अलगद तळहातावर घेतला.

"बघ."

सगळ्या बाजूंनी पांढरी, तजेलदार मुळं मातीला घट्ट धरून होती. आईनं चष्मा पुसून लावला. तिचं बोट मुळांवरून फिरत फिरत एका जाड मुळाशी थांबलं. तिथे सरळ, स्वच्छ छाटल्याची खूण होती आणि त्या खुणेतूनच नव्या मुळांचा झुबका फुटलेला होता.

"हे कोणी छाटलं?"

"मी. कुजली होती. माझ्याच चुकीनं कुजली. दोन झाडं त्यात गेली माझी, तेही तुला सांगते. ही वाचवली."

आईनं ती खूण पुन्हा बघितली. "निम्म्याच्या वर काढलीस की गं," ती हळूच म्हणाली. "एवढा धीर मला नसता झाला." आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीला आईच्या डोळ्यांत स्वतःविषयी असं काही दिसलं, जे आजवर फक्त वाफ्यातल्या झाडांच्या वाट्याला आलं होतं. तिनं पिंड कुंडीत बसवला, माती दाबली आणि ताठ उभी राहिली.

"तीन आहेत," दादा म्हणाला. "पुदिन्याची पोरं धरली तर पाच."

"मला मोजता येतं," आई म्हणाली. तरी ती अजून 'येते' असं म्हणाली नव्हती. ती पुदिन्यापाशी वाकली. "हा फार माजलाय. कापायला झालाय. टोमॅटोची बगलेतली फूट काढली नाहीस. आणि गुलाबाला खत—"

"तू बस गं, मी करते सगळं," धाकटी सवयीनं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं बघितलं की आईचा हात पुदिन्यावरून मागे आला. चेहरा पाहुण्यासारखा सभ्य झाला. त्या मागे आलेल्या हाताकडे बघून तिला कळलं, की आईला झाडं जगतात का एवढंच बघायचं नव्हतं. ह्या घरात आपल्याला काही करू देतील का, हे तिला बघायचं होतं, आणि ते विचारायला ती बाई कधी धजली नसती.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी नाही करत. मला जमायचंच नाही, आई. मी सकाळी जाते ती रात्री येते. हे सगळं आता माझ्या हाताबाहेर गेलंय. हे पाच टब उलटे पडलेत, झाडं त्या मापाची झाली की ते भरायचेत. कोण भरणार? मला माणूस हवंय."

आईनं उलट्या टबांकडे बघितलं, कठड्यावरच्या उन्हाकडे बघितलं, आणि पुदिन्याचा एक शेंडा खुडून चुरगळून हुंगला.

"दादा," ती म्हणाली, "आश्रमात फोन लाव. म्हणावं, नाव काढा. आणि धाकटे, बघत काय उभी राहिलीस? तो टोमॅटो जरा तिकडं सरकव. उद्या सकाळी इथं माझी खुर्ची लागणार आहे."